चार नंबरच्या मशीनचे कान

९ ऑक्टोबर

सायकल उतारावर सोडून ब्रेक हलकेच धरला, की चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात एकदा बारीक 'टक' जाणवते. एकदाच. शाळेत जाताना मी ती मोजत असे. ती का येते, हे मला दारजींनी, माझ्या वडिलांनी, सांगितलं होतं – "हवा भरायच्या भोकाच्या बरोबर समोर बोट फिरव." फिरवलं. तिथे जोड होता! रिम म्हणजे मुळात सरळ पोलादी पट्टी. ती वाकवून गोल करायची आणि दोन टोकं वितळवून एकमेकांत दाबायची. दाबताना केसभर चूक झाली, की एक टोक वर राहतं, आणि ब्रेकचं रबर तिथे अडखळतं. आणि तो जोड नेमका भोकासमोरच का? कारण भोकाने रिमची एक बाजू आधीच दुबळी केलेली असते. तिथेच जोड आणून तिला आणखी दुबळी कशाला करायची?

मी उपकार, सत्तावन्न वर्षांची झाले. तीस वर्षं मुलींच्या पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं, जूनमध्ये निवृत्त झाले. आणि आज त्याच टकेवरून घरात भांडण!

माझ्या भाच्याने, गगनने, जेवताना आमच्या रिम-कारखान्याचा विषय काढला. "भुआजी, चार नंबरच्या रिमा टकटक करतात. शेकड्यात अकरा परत येतात."

"मिस्त्री निरंजन सिंहांच्या हातच्या?"

"निरंजन तायाजींच्या दोन. पण ते एकाच पाळीत असतात. दुसऱ्या पाळीत मशीन आंधळं! उद्या ताया निवृत्त झाले, की कारखाना त्यांच्या पायाच्या फोटोची पूजा करून चालवायचा का?"

मुद्दा खरा आहे, म्हणूनच जास्त लागला. वीरजींनी, माझ्या भावाने, दाढीवरून हात फिरवला आणि निकाल दिला – चार नंबर भंगारात, जागी नवं स्वयंचलित मशीन. आणि निरंजन सिंह? "नव्या मशीनला मिस्त्री लागत नाही, उपकार. बटण दाबणारा लागतो."

एकतीस वर्षं तो माणूस त्या मशीनवर उभा आहे.

मी म्हणाले, नाही! लोखंड दारजींनी निवडलेलं आहे. त्याला शंभर वर्षं काही होत नाही. म्हातारा झालाय तो फक्त मेंदू. मेंदू मी बदलते.

गगन हसला. वीरजी हसले नाहीत. "गुरु नानकांचं गुरपुरब झाल्यावर भंगारवाला येईल. बावीस नोव्हेंबर. त्या दिवशी शंभर रिमा काढायच्या, निरंजनने पेडलला पाय न लावता. तीनपेक्षा जास्त नापास झाल्या, तर मशीन जाईल. आणि मग तो जाईल."

ठीक.

११ ऑक्टोबर

प्रथम यंत्र, मग मत. दिवसभर नुसती बघत बसले.

पट्टीची दोन टोकं तांब्याच्या दोन जबड्यांत. एक जबडा स्थिर, दुसरा सरकणारा. टोकं एकमेकांना पुरती टेकवायची नाहीत, ओझरती लावायची – मधे ठिणग्यांचं कारंजं उडतं. ठिणगी म्हणजे काय? दोन कडांमधला सुईच्या टोकाएवढा पूल वितळून फुटणं! असे हजारो पूल फुटतात, टोकं लाल होतात, मधली हवा आणि घाण बाहेर फेकली जाते. आणि मग एका क्षणी पेडल. सरकता जबडा धाडकन पुढे येतो, वितळलेलं लोखंड कडेने बाहेर पिळलं जातं. जोड झाला.

सगळी विद्या त्या 'एका क्षणी' या दोन शब्दांत आहे. लवकर दाबलं तर जोड थंड. उशिरा दाबलं तर आत पोकळ.

निरंजन सिंह उजवा पाय पेडलवर ठेवतात, बूट घालून. डावा पाय मशीनच्या पायथ्यावर, अनवाणी. कारखान्यात सगळ्यांना ठाऊक आहे: बाबा विश्वकर्मांच्या मशीनवर ते चपलेने चढत नाहीत. विचारलं तर म्हणतात, "एक पाय नोकरीचा, एक पाय बाबांचा." कुणाची टोकायची हिंमत नाही.

१२ ऑक्टोबर

त्यांना सरळ विचारलं. "मिस्त्रीजी, पेडल कधी दाबायचं, हे तुम्हाला कशाने कळतं?"

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. "भैणजी, कळतं."

"आवाजावरून?"

थोडं थांबले. "सगळे म्हणतात खरं, निरंजन कानाने वेल्डिंग करतो."

"मग मला शिकवा. कंट्रोलरमध्ये घालते."

"एकतीस वर्षं त्या डब्यात भरायची? झाकण तरी बसेल का?"

१५ ऑक्टोबर

शिकवत नाहीत, तर मोजेन. विद्यार्थिनी अडून बसली, तर आपण तिची वही वाचतो.

मशीनच्या तारेवर करंट मोजणारं कडं घातलं. सरकत्या जबड्यावर मोजपट्टी. पेडलखाली स्विच. आता प्रत्येक रिमची नोंद होते – करंट किती, जबडा कुठे, पाय कधी पडला. दोनशे नोंदी आज.

वीरजी येऊन ओरडले, "निरंजन! तारांवर ठिणग्या पडू देऊ नकोस!" निरंजन सिंहांनी मान वर केली नाही. मी समोर जाऊन तेच सांगितलं, तर लगेच "जी भैणजी."

वीरजींचा चेहरा बघण्यासारखा होता. "वीस वर्षं पगार मी देतोय, आणि ऐकतो तुझं!"

"मी नम्रतेने बोलते."

१९ ऑक्टोबर

नऊशे नोंदी. पेडल पडण्याची वेळ कधी साडेतीन सेकंद, कधी पाच. काही नियमच दिसत नाही! आणि तरी नापास जोड फक्त सतरा.

२७ ऑक्टोबर

खरेदीदाराचा सुरक्षा तपासनीस आला होता. अनवाणी पाय पाहून त्याचा रंगच उडाला. गगनला तेवढंच हवं होतं: "तायाजी, नियम सगळ्यांना सारखा. दोन्ही बूट!"

निरंजन सिंहांनी बूट घातला. वाद घातला नाही, हेच विचित्र.

आज शंभरात चौदा नापास!

गगन मला नोंदवही दाखवत फिरला. "बघितलंत? जुनं मशीन, जुना माणूस, दोघांची एकदम वॉरंटी संपली." मी मागून जाऊन निरंजन सिंहांना खडसावलं – हा सूड आहे, मिस्त्रीजी! बाबांचा मान गेला म्हणून रिमा बिघडवायच्या? ज्या मशीनसाठी मी भांडते आहे, त्याच्याच मुळावर उठायचं?

वळलेसुद्धा नाहीत. असा उद्धटपणा मी पहिल्या बाकावरच्या पोरींचाही सहन केला नाही.

तपासनीस चारला गेला. सव्वाचारला डावा बूट पुन्हा बाजूला.

चौदाचा आकडा लाल शाईने लिहून ठेवला आहे. रागाची नोंदसुद्धा तारखेसह असावी.

३० ऑक्टोबर

कंट्रोलर बसवला. छोटंसं खोकं आहे, जेवणाच्या डब्याएवढं. पायाऐवजी आता तो हवेची झडप उघडतो, आणि हवाच जबडा ढकलते. त्याला नऊशे नोंदींची सरासरी दिली: ठिणग्या सुरू झाल्यापासून चार पूर्णांक दोन दशांश सेकंदांनी दाब.

सकाळच्या चाळीस रिमांत बारा नापास.

निरंजन सिंह हात बांधून उभे. "डबा घड्याळ बघतो, भैणजी. लोखंडाने घड्याळ कुठे बांधलंय?"

सगळे हसले. मीही हसले असते, पण चीड आली होती.

३१ ऑक्टोबर

झोपताना विचार केला, उठताना उत्तर सापडलं. इतकं सोपं की स्वतःचीच लाज वाटली. तीस वर्षं मुलींना सांगत आले, सरासरी हे उत्तर नसतं, उत्तराची सावली असते!

गावाकडे सध्या गुऱ्हाळं सुरू झाली आहेत. कढईतला रस कधी उतरवायचा? गुळवा घड्याळ लावत नाही. उसाचं पाणी कमी-जास्त, जाळ कमी-जास्त. तो थेंब पाण्यात टाकून गोळी होते का ते बघतो. वेळ मोजत नाही, घटनेची वाट बघतो. तसंच इथे. एका पट्टीची कड खडबडीत, दुसरीची साफ. शेजारची भट्टी पेटली की विजेचा दाब घसरतो. मग ठिणग्यांना वेळ जास्त लागणारच!

मग घटना कोणती? नऊशे नोंदी पुन्हा काढल्या, वेळेप्रमाणे नव्हे, तर पाय पडण्याच्या आधीच्या अर्ध्या सेकंदाप्रमाणे. आणि ती तिथेच होती! सुरुवातीला करंट वेडावाकडा उड्या मारतो, कारण पूल थोडे, कुठेही फुटतात. टोकं सगळीकडून तापली, की पूल दाट होतात, उड्या लहान होतात, थरथर एकसारखी होते. ती एकसारखी झाली, की निरंजन सिंहांचा पाय पडतो. प्रत्येक वेळी. साडेतीन सेकंद असोत की पाच!

त्यांना हेच ऐकू येत असणार. तडतड थांबून गुणगुण सुरू होते, ती.

१ नोव्हेंबर

नवा प्रोग्रॅम लिहिला. घड्याळ काढून टाकलं. आता कंट्रोलर उड्या मोजतो आणि त्या शांत होण्याची वाट बघतो.

निरंजन सिंहांना समोर उभं राहून सांगितलं, "मिस्त्रीजी, डब्याला घड्याळ नाही दिलं. कान दिले!"

ते इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. "कान नका देऊ, भैणजी. कान लवकर जातात."

चाळीसांत दोन नापास.

५ नोव्हेंबर

विश्वकर्मा दिवस, दिवाळीचा दुसरा दिवस. आज लुधियानात एकाही मशीनचं बटण कुणी दाबणार नाही. हत्यारं धुतली, तेल लावलं, दरवाज्यात कडाह प्रसादाचा शिरा. सगळे अनवाणी, आज निरंजन सिंहांचा डावा पाय वेगळा दिसला नाही.

माझा जीव मात्र तळमळत होता. पाव सेकंदाची एक दुरुस्ती डोक्यात होती, आणि मशीन बंद! गगनला म्हणाले, पाच मिनिटं चालवू, कुणाला कळणार?

"भुआजी! तुम्ही तर माझ्यापेक्षा आधुनिक निघालात." पण तोही घाबरला होता.

निरंजन सिंह चार नंबरपाशी उभे होते. बंद मशीनच्या अंगावर तळहात ठेवून, डोळे मिटून. "आज मुकी आहे," म्हणाले. मग खिशातून पूजेचा लाल मौलीचा धागा काढला, एक वेढा जबड्याच्या दांड्याला बांधला, आणि दुसरा माझ्या कंट्रोलरच्या पेटीच्या कडीला!

"डब्याला?" मी विचारलं.

"घरात आला, की घरचाच."

प्रसाद घेऊन घरी आले.

६ नोव्हेंबर

पाव सेकंदाची दुरुस्ती चूक होती. काल चालवलं असतं तर बाबांनी शंभर रिमा खाल्ल्या असत्या. निरंजन सिंहांना सांगितलं नाही.

१२ नोव्हेंबर

विकणारा येऊन गेला, नव्या मशीनचा. चकचकीत पुस्तिका, गळ्यात टाय. म्हणाला, "मॅडम, जुन्या म्हशीला मोबाइल बांधून काय उपयोग?"

मी म्हणाले, "म्हैस दूध देते. तुमचा मोबाइल देतो का?"

वीरजी मिशीत हसले. मला वाटतं, हसले. त्या दाढीमिशीत काय चाललंय, हे वाहेगुरूलाच ठाऊक.

१६ नोव्हेंबर

शंभरात सहा. का? जबडा धक्का देतो तेव्हा करंट तोडण्याची वेळ! आधी तोडला तर टोकं निवतात, नंतर तोडला तर नव्या जोडातून वीज वाहत राहते आणि तो मऊ पडतो. धक्का लागल्यावर डोळ्याची पापणी लवण्याच्या निम्म्या वेळात तोडायचा. निरंजन सिंहांचं मशीन हे आपोआप करत होतं, एका झिजलेल्या पोलादी तबकडीने. ती झीजच बरोबर होती! नवी तबकडी बसवून मीच घोटाळा केला होता. जुनीच्या झिजेचं माप घेऊन तेच आकडे प्रोग्रॅममध्ये लिहिले.

एकतीस वर्षांची झीज आता दोन ओळींत आहे. याला भंगार म्हणतात!

१९ नोव्हेंबर

गुरपुरब. पहाटेची प्रभातफेरी, लंगरमध्ये पोळ्या लाटल्या. अरदासेच्या प्रार्थनेत काय मागितलं, ते इथेही लिहिणार नाही.

२२ नोव्हेंबर

झालं!

क्रमाने लिहिते, नाहीतर हात पळेल.

भंगारवाल्याचा ट्रक दहा वाजता फाटकात. वीरजी खुर्ची टाकून बसले. गगन तपासणीच्या शिकंज्यापाशी: प्रत्येक रिम चार बोटं आत दाबायची, सोडायची, जोड उघडला तर नापास. उघडला नाही, तर जोडावरून नख फिरवायचं. नख अडलं तरी नापास. निरंजन सिंह रिमा लावायला होते. दोन्ही हात कामात, उजवा पाय पेडलपासून वीतभर दूर, सगळ्यांना दिसेल असा. डावा पाय मात्र मशीनच्या पायथ्यावर, नेहमीसारखा अनवाणी. गगनने बघितलं, आणि नजर शिकंज्याकडे वळवली.

पहिल्या तीस पास. एकतिसावी नापास. चव्वेचाळिसावी नापास. गगन मोठ्याने म्हणाला, "दोन!" भंगारवाल्याने चहाचा ग्लास खाली ठेवला.

अठ्ठावन्न. शेजारची भट्टी पेटली. दिवे मंदावले. ठिणग्या उडू लागल्या आणि उडतच राहिल्या. चार सेकंद. पाच. "मारत का नाही?" वीरजी उठले. सहा! "निरंजन, मार! पेडल मार!" गगनही ओरडला.

निरंजन सिंहांनी हात वर केला. थांबा. ना कुणाकडे पाहिलं, ना कुणाला उत्तर दिलं. खाली मान, डोळे मिटलेले. सात सेकंद. आणि त्यांच्या ओठांतून "आता" निघालं, त्याच क्षणी जबडा धाडकन आला. डब्याने स्वतः मारला.

शिकंज्यात जोड उघडला नाही. गगनने नख फिरवलं. पुन्हा फिरवलं. "पास," म्हणाला, जणू दात काढून देत होता.

शंभर झाल्या. नापास दोन. एकतीस वर्षांच्या पायाइतक्याच.

वीरजींनी भंगारवाल्याला लाडू दिले आणि परत पाठवलं. "चार नंबर राहील. तीन, पाच, सहाचंही असंच कर, उपकार."

मग गगन म्हणाला, "आणि आता तायाजी आराम करू शकतात. डब्याला सगळं येतं."

नाही, नाही आणि नाही! मी म्हणाले, डब्याला चार नंबर येतं. प्रत्येक मशीनची थरथर वेगळी. निरंजन सिंह तीनवर उभे राहणार, पाचवर उभे राहणार, मी नोंदी घेणार. ज्याने शिकवलं त्याला घरी पाठवून शाळा चालत नाही, वीरजी! पगार पूर्ण, पद शिक्षकाचं.

"कागदावर दे. मोजून दाखव, की त्याच्याशिवाय होत नाही."

देईन. मोजण्याला मी कधी घाबरले?

२३ नोव्हेंबर

तीन नंबरपाशी गेले. निरंजन सिंह पाठमोरे, नवी पट्टी जबड्यात बसवत होते. मशीन अजून बंद. हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. मनात म्हटलं, जिंकलो तरी ताठा तोच!

माझ्या हातातली नमुन्याची रिम निसटली. लादीवर असा खणखणाट झाला, की टोकाच्या गोदामातली माणसं वळली. वीरजी ऑफिसातून बाहेर आले.

निरंजन सिंह दचकले खरे. पण आधी त्यांनी खाली पाहिलं, आपल्या डाव्या पायाकडे. मग जमिनीकडे. मग मागे वळून माझ्याकडे.

मी रिम उचलली. ते पुन्हा पट्टीकडे वळले.

२४ नोव्हेंबर

नऊ वर्षं झाली कान गेल्याला, आज निरंजन सिंहांनीच सांगितलं. "माणसं तोंडावरून वाचतो, भैणजी. तुमचं तोंड स्वच्छ दिसतं. तुमच्या वीरांच्या मिश्यांत काहीच सापडत नाही." आणि मशीन? त्यांनी नुसता डावा पाय उचलून दाखवला.

सत्तावीस ऑक्टोबर, चौदा नापास, लाल शाई. बूट घातला तो एकच दिवस! पुरावा महिनाभर माझ्याच वहीत होता, आणि मी त्याला सूड म्हणत होते.

वीरजींना कागद दिला: तीन नंबरच्या पायथ्याला थरथर मोजणारं यंत्र बसवायचं आहे, ते कुठे आणि कसं बसवायचं, हे फक्त निरंजन सिंह सांगू शकतात. कानांबद्दल एक अक्षरही लिहिलं नाही. लिहिणारही नाही.

चाचणी साधी आहे. आज सकाळी घरीच केली. दोन्ही कानांत कापूस घट्ट बसवायचा. अंगणातल्या पाण्याच्या मोटरीच्या चौथऱ्यावर अनवाणी पाय ठेवायचा, डोळे मिटायचे, आणि कुणालातरी बटण दाबायला सांगायचं. मोटर आधी नुसती कोरडी फिरते, मग एका क्षणी पाणी पकडते. तो क्षण आला, की हात वर करायचा.

मी दहा वेळा केलं. दहाही वेळा बरोबर.